यमुताईंचा कठडा

वसंताचा फोन आला तेव्हा मी जेसल पार्कच्या घरात सुकट निवडत बसले होते. ती यमुताईंनीच धाडलेली. "काकी, आई गेली," एवढंच तो बोलला. मग मी "कशी?" विचारलं तेव्हा म्हणाला, "वरच होती. जवळा उन्हात घातला, जराशी आडवी झाली, आन् उठलीच न्हाय." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे की, म्हणजे त्या दिवशीही बाई जिना आपल्या आपण चढल्या... आता महिना उलटून गेला, तरी तेवढ्या एका गोष्टीचं मला समाधान वाटतं.

यमुताई माझ्या थोरल्या जाऊबाई. जावा-जावांचं पटलं तर त्याची बातमी होते, आणि आमचं पटलं. मी शहरातून लग्न होऊन राई गावात आले ती माशाच्या वासानं नाक दाबणारी. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं, पण त्यांनी मला कधी परकं मानलं नाही. त्यांच्या घराला माडी आणि माडीपुढे गच्ची. तिथे बोंबील, जवळा, सुकट वाळायची आणि पावसाळ्याआधी साऱ्या गोतावळ्यात वाटली जायची. कोणाच्या घरी किती तोंडं, कोणाला काय आवडतं, सगळं त्यांच्या डोक्यात. घराच्या चाव्या केव्हाच सुनेकडे गेल्या होत्या. गच्ची मात्र त्यांनी कोणाला दिली नाही.

काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू जाऊ लागली. त्यातच जिन्याच्या कठड्याला वाळवी लागलेली. एका सकाळी चढताना कठड्याचा एक उभा लाकडी दांडा मुळातून निघून त्यांच्या हातात आला. दुसरी कोणी असती तर तिथेच बसून हाका मारत राहिली असती. ह्या तो दांडा घेऊन तशाच वर गेल्या आणि त्यानं कावळे हाकलत बसल्या. वसंता मात्र घाबरला. "आई, आता तुझी खाट खालीच. वर जायचं न्हाय," त्यानं निक्षून सांगितलं. "का? जिना हाय तिथंच हाय ना," त्या म्हणाल्या. "दांडे वालवीनं खाल्ले, ते बदल. माजे डोले गेले, पाय न्हाय गेले." आवाज शांत होता, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं. गच्ची गेली की आपण या घरात नुसत्या बसून खाणाऱ्या होणार, हे त्यांना कळत होतं, आणि मलाही.

शेवटी त्या दांड्यांच्या जागी लोखंडी सळया बसवायचं ठरलं. वेल्डिंगवाला म्हणाला, "अम्मा, लकड़ी सब निकाल देते हैं. ऊपर भी पाइप डालेंगे, एकदम मजबूत." यमुताई कठड्याच्या वरच्या सागवानी पट्टीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून ती पट्टी त्यांच्या तळव्याखाली होती. "ये नहीं निकालने का," त्या म्हणाल्या. "नीचे का सब बदलो. ये मेरे हाथ का है." खरी रीत अशी की पट्टी काढायची, सळया जोडायच्या आणि मग ती पुन्हा बसवायची. पण एकदा काढली तर ती परत बसणार नाही अशी त्यांना शंका... आणि वसंताचा स्वभाव बघता ती अगदीच खोटी नव्हती. त्यांच्या हट्टापुढे सगळ्यांनी हात टेकले. पट्टी जागच्या जागी ठेवून खाली वेल्डिंग झालं, आणि व्हायचं तेच झालं. ठिणग्यांनी सागवान जागोजाग पोळलं. खालच्या टोकाला, वळणावर, वर दाराशी चांगले खोलगट काळे डाग पडले.

वसंता चिडला. पॉलिशवाल्याला बोलावून डाग घासून घेतो म्हणाला. यमुताई मात्र पट्टीवरून हात फिरवत जिना चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. वळणावरच्या डागावर त्यांचं बोट थांबलं. "राहू दे रं," त्या म्हणाल्या. "वलन आलं, ह्ये आता बोटाला कलतंय." पुढे नजर पूर्ण गेली तरी त्या याच डागांच्या आधारानं चढत-उतरत राहिल्या. खाडीच्या खाऱ्या हवेत सळयांना कुठे गंज फुटला, हेही डोळस माणसांआधी त्यांना कळायचं, आणि तिथे रंग लावल्याशिवाय वसंताची सुटका नसायची. मला या बाईंचा फार अभिमान वाटायचा. दोन धड डोळे असून मी लिफ्ट बंद पडली की दिवसभर कुरकुरते.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. जन्मभर ज्यांना हाकललं ते कसे येतील, असं मनात आलं आणि त्या प्रसंगीही मला हसू फुटलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. वसंतानं मुलीचं लग्न थाटात करायचा शब्द दिला, घर विकणार नाही म्हणाला. कावळे झाडावरच. मग तो हात जोडून हळूच म्हणाला, "आई, पट्टी घासनार न्हाय." थोड्या वेळानं एक कावळा उतरला. उन्हं चढली होती, त्यालाही भूक लागली असेल... पण वसंता हुंदके देऊन रडला, आणि मीही.

परवा राईला गेले तेव्हा यमुताईंच्या सुनेनं बोंबील धुऊन ठेवले होते. "काकी, वर घालायला पायच उचलत नाहीये माझा," ती म्हणाली. मी पाटी घेतली, पट्टीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. बोट वळणावरच्या डागाच्या खळगीत गेलं तशी मी वळले. पाय बरोबर पायरीवर पडला. वर लख्ख ऊन होतं. बोंबील पसरून होतात न होतात तोच कावळे येऊन बसले. कोपऱ्यात तो लाकडी दांडा भिंतीला टेकून उभा होता. मी तो उचलला. आधी एक बोंबील कावळ्यांकडे टाकला, आणि मग दांडा उगारला.