आमच्या कारखान्यातल्या बाळंतपणाच्या रजा

पगाराचं काम बघणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून टेबलासमोर खुर्ची ओढून बसतात! हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना. मी तिथली एच.आर. म्हणजे हजेरी, पगार, रजा आणि लोकांच्या घरची भांडणं, सगळी खाती माझ्याकडे. पण बाळंतपणाच्या रजेची मजाच वेगळी. लोक लाजत लाजत रजा मागायला येतात आणि पेढे घेऊन परत येतात.

* * *

सुरुवात माझ्यापासूनच करते. आमचे मॅनेजर वानखेडे साहेब मनाने चांगले, पण रजा म्हटली की त्यांच्या कपाळावर आठ्या. माझी मुलगी झाली तेव्हा मी पारशिवनीला माहेरी होते, आणि साहेबांचा रोज फोन! "मॅडम, स्टोअरची किल्ली कुठे आहे? मॅडम, जुन्या फाइली कोणत्या कपाटात?"

एकदा फोन आईने उचलला.

"साहेब, पोरगी लेकराले दूध पाजून राहिली. किल्लीसाठी उठवू का तिले?"

पलीकडून हळूच आवाज आला, "नको नको, मावशी. कुलूप तोडतो!"

त्यानंतर पूर्ण रजेत एकही फोन नाही. उलट साहेबांच्या घरून डिंकाचे लाडू आले. मी कामावर परतले तेव्हा माझी खुर्ची, माझं टेबल, सगळं जिथल्या तिथे होतं. किती बायकांच्या नशिबी हे येत नाही, ते या नोकरीत रोज ऐकते, म्हणून आजही त्या लाडवांची आठवण आली की भरून येतं.

* * *

मग आमच्या टेस्टिंगमधला प्रवीण. त्याला मुलगा झाला आणि पठ्ठ्याने पंधरा दिवसांची पगारी रजा मागितली. खाजगी कारखान्यात बापाला रजा द्यायची सक्ती नाही, सगळं साहेबांच्या मर्जीवर.

साहेब ओरडले, "काहून बे, बाळंत तू झाला का?"

"नाही साहेब. पण बाप तर मीच झालो ना!"

नेमक्या त्याच वेळी साहेबांच्या मिसेस विसरलेला डबा घेऊन केबिनमध्ये आल्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"आपला थोरला जन्मला तेव्हा तुम्ही कुठे होते हो?"

"साइटवर," साहेब पुटपुटले.

"मग करा सही."

साहेबांनी निमूट सही केली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नव्या बापाला रजा मिळते.

* * *

रजेत प्रवीणने काय दिवे लावले, ते त्यानेच परत आल्यावर सांगितलं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचा थर्मामीटर हा घरी घेऊन गेला होता! बाळाला न्हाऊ घालायला मालिशवाल्या मावशी यायच्या, आणि हा बादलीत थर्मामीटर बुडवून बसायचा.

"थांबा मावशी, रीडिंग स्टेबल होऊ द्या."

मावशींनी दोन दिवस हे चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, लेकराले न्हाऊ घालायचं हाय का तळायचं हाय?"

* * *

पन्नासच्या वर माणसं असली की कारखान्यात पाळणाघर लागतं. आम्ही जुनी स्टोअररूम रंगवली, झोके आणले, सांभाळायला बाई ठेवली. पण मूल ठेवायला एकही आई तयार होईना. शेवटी साहेबांनी दाखवण्यापुरता एक दिवस स्वतःचा नातू आणला.

संध्याकाळी नातू घरी जायलाच तयार नाही! दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आधी तोच गाडीत जाऊन बसला. साहेबांचा नातू इथे जेवतो, झोपतो, हे बघून बाकीची पोरंही येऊ लागली.

आणि आता? दुपारच्या सुट्टीचा भोंगा बंद आहे. वॉचमन मशीनांमधून फिरतो आणि तोंडाशी हात नेऊन जेवायची खूण करतो. कारण विचारलं तर साहेबच ओठांवर बोट ठेवतात. "हळू बोला, पोरं झोपून राहिली!"

* * *

आता सुनीताचं. ही कन्हानची, वाइंडिंगमध्ये कॉइल गुंडाळणारी, ठेकेदाराच्या माणसांतली. पहिल्या बाळाच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणची नोकरी गेली होती, म्हणून यावेळी कोणाला न सांगता सैल ॲप्रन घालून यायची. लपणार किती? ठेकेदाराला कळलं आणि तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नको. दुसरी पोरगी आणतो."

सुनीता माझ्यासमोर येऊन रडली. "मॅडम, रजा नको मले. फक्त नोकरी राहू द्या."

मी उठले आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ठेकेदाराची असली तरी हक्क तोच आहे, सहा महिने पगारी रजा, आणि या काळात कामावरून काढताच येत नाही, हे एका दमात सांगितलं. साहेब म्हणाले, "बघतो." साहेबांचं "बघतो" म्हणजे काहीही असू शकतं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने नवी मुलगी आणली. सुनीताच्या मशीनवर कॉइल अर्धीच गुंडाळलेली होती. आमच्या वाइंडिंगची रीत अशी, की ज्या हाताने कॉइल सुरू होते त्याच हाताने ती पूर्ण होते. प्रत्येकीचा तार ओढायचा जोर वेगळा, हात बदलला की कॉइल टेस्टिंगमध्ये नापास होते.

वाइंडिंग शिकून आलेल्या त्या मुलीने विचारलं, "ही कोणाची?"

"सुनीताची," सगळ्यात जुन्या रत्नाबाई म्हणाल्या.

"मग मी नाही हात लावत."

ठेकेदार चिडला. "तार उतरवून टाका!" कोणी जागचं हललं नाही. गलका ऐकून साहेब आले.

रत्नाबाई म्हणाल्या, "साहेब, काम सोडणारी बाई कॉइल अर्धी ठेवून जाते का? सुनीता येणार हाय."

साहेबांनी कॉइलवरून बोट फिरवलं. मग ठेकेदाराला केबिनमध्ये नेलं. काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण सुनीताची पगारी रजा त्याच दिवशी मंजूर झाली. नव्या मुलीला शेजारचं मशीन मिळालं. मी वॉशरूममध्ये जाऊन पोटभर रडले, आनंदाने.

अर्ध्या कॉइलवर रत्नाबाईंनी आपली जुनी ओढणी टाकून ठेवली.

दोनेक महिन्यांनी रायपूरहून एक मोठे ग्राहक कारखाना बघायला आले. सगळी मशिनं धडधडत होती, ओढणीखालचं तेवढं गप्प.

"ये मशीन खराब है क्या?" त्यांनी विचारलं.

वानखेडे साहेबांनी सरकलेली ओढणी नीट केली.

"खराब नहीं है, साहब. मॅटर्निटी लीव्ह पे है!"