पट्टा तुटण्याआधी आलेला निरोप

मी हाडाचा मेकॅनिक. भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गाडी बंद पडली तर कारण असतंच — पेट्रोल, करंट, नाहीतर मालकाचा चिक्कूपणा! तरीही हे लिहितोय...

नामांतराच्या चळवळीची वर्षं. परभणीत स्टेशनजवळ माझं गॅरेज होतं. तेव्हा गाडीत फोन कुठला? कुणाची गाडी वाटेत अडली की पुढं जाणारा ड्रायव्हर पहिल्या गॅरेजवर निरोप टाकायचा. ओळख असो नसो, रिवाजच होता तो.

त्या दिवशी बंद होता. एसटी उभ्या, रस्ते सामसूम. दुपारी अर्धं शटर ओढून बसलो होतो, तोच बाहेर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर वरूनच ओरडला, “मिस्त्री, वालूरची जीप वाटंत उभी हाय, फॅनबेल्ट तुटलाय. आत बाई अडलीय, लय हाल हायत. जा लवकर!”

माझी थोरली बहीण वालूरला दिलेली, तिचे दिवस भरलेले... आणि पहिलं बाळ दवाखान्यात पोचायला उशीर झाला म्हणूनच गेलेलं. चहाचं विचारायच्या आत ट्रक निघूनही गेला. जीपचा बेल्ट गळ्यात अडकवला आणि मोटारसायकलला किक मारली.

वालूरच्या वाटेवर उभी जीप कुठंच दिसेना. उलट समोरून दाजींची जीप चांगली पळत आली! मला बघून त्यांनी ब्रेक मारला.

“तू हिकडं कसा?”

“तुमचा बेल्ट तुटला म्हणून निरोप आलाय, दाजी.”

“काय बी काय! गाडी मस्त पळायलीय. तुज्या ताईला लय तरास व्हायलाय, सरक बाजूला!”

जीप चार हात पुढं गेली असेल — फट्ट! बॉनेट उघडलं तर बेल्टचे तुकडे. आत ताई कण्हत होती. गळ्यातला नवा बेल्ट चढवला आणि आम्ही परभणी गाठली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

नंतर नाक्यावरच्या हवालदाराला ट्रकबद्दल विचारलं. तो म्हणाला, “मिस्त्री, बंदात ट्रक कुठला? सकाळपासून एक बी गेला न्हाई.”

ती भाची आज पुण्यात गाड्यांच्या टेलिमॅटिक्सचं काम करते. “मामा, आता गाडी स्वतःच कळवते. पार्ट कमजोर झाला की तो तुटायच्या आधीच. उद्या खेड्यातल्या जुन्या जीपमधूनही दवाखान्याला थेट निरोप जाईल, बघा तुम्ही.” पोरीचं ऐकून छाती फुगते. मशीनला आधी कसं कळतं, हे तिनं मला समजावून सांगितलं, आणि पटलंही.

पण त्या माणसाला कसं कळलं? ती एवढंच म्हणाली, “मामा, त्याला उलट निरोप गेलाच नाही की हो...”

खरंय. म्हणून इथं लिहितोय. तुमच्यापैकी कुणाला तो कुठल्या रस्त्यावर भेटलाच, तर सांगा — मिस्त्री वेळेत पोचला. मुलगी झाली.