रांगेत उभं राहिलं की...

गेल्या मंगळवारी मेट्रो स्टेशनवर, लेडीज चेकिंगच्या रांगेत, मी चक्क खाली बसले. फरशीवर, पर्स मांडीत घेऊन. मागची मुलगी म्हणाली, "आंटी, ठीक हो?" आणि खरं सांगते, बसल्यावर मी खरंच ठीक होते...

हे गेली काही वर्षं चाललंय. छातीत धडधड, हात गार, आणि मान-खांदे असे दुखतात की कुणी ब्लाउजमध्ये हँगर विसरलंय जणू. तपासण्या सगळ्या नॉर्मल. "टेन्शन मत लो," एवढं औषध मात्र प्रत्येकाने दिलं.

सासूबाईंचं निदान त्याहून सोपं. "घाबरट आहेस गं तू. आम्ही दिल्लीत या द्वारकेत राहायला आलो तेव्हा रस्त्यावर दिवेसुद्धा नव्हते!" मलाही ते पटत चाललं होतं. गुडगावच्या नोकरीचा राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता.

पण त्या फरशीवर बसल्या बसल्या एक प्रश्न पडला. घाबरट माणूस नुसता खाली बसला की लगेच धीट कसा होतो?

मग हे आणखी कुठे कुठे होतं ते आठवत गेले. सोसायटीच्या गणपतीची आरती. बँकेतली रांग. आणि रोज सकाळी ओट्याशी पोळ्या लाटताना... तिथे कसली आलीय भीती? मी फक्त उभी होते.

हा प्रश्न घेऊन एका नव्या डॉक्टरकडे गेले. तिशीतली मुलगी. तिने मला दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि बीपी मोजलं, मग भिंतीपाशी उभं करून दर मिनिटाला पुन्हा मोजत राहिली. मी निवांत समोरचं कॅलेंडर वाचत होते, आणि नाडी धावत सुटली होती.

"अभी किस बात से डर रही थीं आप?"

"किसी से नहीं."

"वही तो!"

उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. ते सावरायचं काम शरीर आपल्याला न विचारता करतं, श्वासासारखं. माझी ती यंत्रणा जरा ढिली पडलीय, म्हणून मान-खांद्यांना रक्त कमी पडतं आणि हृदय धावतं. आणि बिचारं मन मागाहून कारण शोधत बसतं... गॅस बंद केला ना? मेल गेली ना? भीती खरी असते, दुखणंही खरं, ती म्हणाली. पण सुरुवात दर वेळी मनातूनच होते असं नाही.

मग तिने विचारलं, "नमक कितना खाती हैं?"

"बहुत कम!" मी अभिमानाने सांगितलं. "सास को बीपी है, इसलिए घर में सब फीका बनता है."

ती हसायलाच लागली. "परहेज़ सास का है मैडम, आपका नहीं. आपका बीपी तो पहले से कम है. आप नमक थोड़ा बढ़ाइए, उससे शरीर में पानी टिकता है."

म्हणजे अकरा वर्षं मी दुसऱ्याचं पथ्य पाळत होते!

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई उठून आपल्या खोलीत निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

रविवारी दुपारी जेवायला हाक मारली. ताट वाढलेलं. लिंबाची फोड, चटणी... आणि मधोमध वर, जिथे आमच्याकडे अकरा वर्षं नुसती रिकामी जागा होती, तिथे चिमूटभर मीठ. फक्त माझ्या ताटात. त्यांच्या ताटात ती जागा अजून रिकामीच.

"बघतेस काय? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना? आणि बस खाली. आज मी वाढते. मेली इतकी वर्षं उभी राहून वाढत होतीस... एकदा बोलायचं तरी!"

कृपया हे वाचून कुणी आपापलं मीठ वाढवू नका. आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

धडधड अजून आहे, हँगरही आहे. पण परवा रांगेत सुरू झालं, तेव्हा मी मनाला म्हटलं, तू गप्प बस, हे तुझं काम नाही... राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे. पुन्हा उघडून पाहिलेला नाही.