डॉबरमनचा मेंदू आणि सावंत काकूंचा हात

मंडळी, आपल्याच या ऑनलाइन कम्युनिटीत वाचलं होतं की डॉबरमनचा मेंदू वाढत राहतो, कवटी मात्र वाढत नाही, आणि पाच वर्षांचा झाला की तो वेडा होऊन मालकावरच धावून जातो. सायबर कॅफेत त्याची प्रिंट काढली आणि आज सकाळी आमच्या नवघरच्या सोसायटीतल्या सावंत काकूंकडे गेलो. त्यांच्या डॉबरमनला, राजाला, सोसायटीत राहू द्यायचं की नाही, हे रविवारी कमिटीत ठरणार आहे, आणि कमिटीत मीही आहे.

दार उघडंच होतं. राजाच्या घशात बांगडा माशाचा काटा अडकला होता आणि काकूंचा हात मनगटापर्यंत त्याच्या जबड्यात. राजा थरथरत होता, पण त्याने दात लागू दिला नाही.

काटा निघाला. काकूंनी विचारलं, "कसला कागद आणलास रे?"

मी वाचून दाखवला.

"पाचव्या वर्षी? हा नऊ वर्षांचा आहे. वेडं व्हायचं राहूनच गेलं बघ त्याचं," काकू म्हणाल्या, आणि माझ्याच कागदात काटा गुंडाळून टाकला.

रविवारी माझं मत राजाला. ज्याने कुणी ते लिहिलंय, त्याने एवढंच सांगावं: कुत्र्याच्या तोंडात कधी हात घातलाय का?