कंपाउंडरकाका आणि सदाफुलीचा काढा

आमचे कंपाउंडरकाका 'बरं वाटेल' असं म्हणून कुणालाही औषध देत नसत. दिवेआगरच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस काकाच. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी ते इतकी नेमकी कातरून बाटलीला चिकटवत की बघत राहावं. "एक खूण सकाळी, एक संध्याकाळी. परवा येऊन सांग काय झालं ते." संपलं! गोड बोलणं म्हणून नाहीच.

मी शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या माडीवर राहायचे. मूलबाळ नसलेलं ते जोडपं. काकूंच्या छातीत गाठ झाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले. त्याच सुमारास पेपरात आलं, की परदेशात सदाफुलीच्या रसानं उंदरांचा कॅन्सर हटतोय. मी ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. जळ्ळं मेलं माझं वाचन!

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर सदाफुलीच्या जुड्या येऊन पडू लागल्या. शेजारची द्वारका तर काढा उकळूनच घेऊन आली. काकांनी तो अंगणात ओतला.

"कंपाउंडर, तुमी मानूस हाव का कोन? घोटभर द्या की तिला! तशी बी चाललीच हाय."

"उंदराला किती दिलं ते छापलेलं नाही. माणसाला किती द्यायचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. अंदाजानं मी खोकल्याचं औषधसुद्धा देत नाही."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, उंदीर तरी जगले ना?"

काकांनी रिकामं भांडं विसळून द्वारकेच्या हातात दिलं. श्रावणात काकू गेल्या.

त्यानंतर ओटीवर बसायला कुणी येईना. लोक बाटली घ्यायचे आणि चालू लागायचे. संध्याकाळी काका एकटेच पट्ट्या कातरत बसत, तेवढे रोगी गावात नव्हतेच. मला ते बघवत नसे. दोष माझाही आहे, हे सांगायचं धाडसही होत नसे.

काही वर्षांनी एकदा ते पेपर घेऊन माडीवर आले. "बाई, चष्मा सापडत नाही. जरा वाचा." चष्मा खिशात दिसत होता. मी वाचलं. सदाफुलीपासून काढलेलं औषध आता माणसांना देतात, रक्ताच्या कॅन्सरात काहींना गुण येतो, बाकीच्या गाठींचं अजून नक्की सांगता येत नाही.

"म्हणजे मी चुकलो की नाही?"

"तसं काही दिलेलं नाही, काका."

"बरोबर आहे. ते कसं देतील?" त्यांनी पेपराची घडी घातली आणि जिना उतरून गेले.

खरं बोलायची मला एवढी काय घाई झाली होती? 'नाही चुकलात' एवढंच तर म्हणायचं होतं. दुसरं कोण म्हणणार होतं त्यांना?