सालदारालाही सुट्टी असते

दर महिला दिनाला आमच्या संस्थेत कुणीतरी पाहुणे येतात आणि माझ्याकडे हात करून म्हणतात, "मॅडम घर आणि शाळा ही तारेवरची कसरत किती हसतमुखाने करतात." टाळ्या पडतात. मग मला भेट मिळते. एका वर्षी नॉनस्टिक तवा मिळाला. शिक्षक दिनाला आमच्या पुरुष सहकाऱ्यांना शाल मिळते, हे इथंच सांगून ठेवते. त्या तव्यावर मी आजवर एकही पोळी भाजलेली नाही. तो माळ्यावर पडला आहे, आणि निवृत्तीच्या दिवशी मी तो संस्थेला साभार परत करणार आहे.

मी जळगावातल्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. या पदासाठी मुलाखत झाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी मला निकालाबद्दल, पटसंख्येबद्दल थोडंफार विचारलं आणि शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण घर कोण सांभाळणार?"

मी म्हटलं, "घरचे."

सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी विनोद केला नव्हता.

माझ्या आधीच्या सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांचा डबा दुपारी घरून गरमागरम यायचा. निरोप समारंभात ते गहिवरून म्हणाले, "या शाळेला मी इतकं वाहून घेतलं की आमच्या घरात मीठ कुठं असतं हेसुद्धा मला माहीत नाही." लोकांनी डोळे पुसले. त्यांच्या पत्नीची खणानारळाने ओटी भरली. हेच वाक्य उद्या मी बोलले तर? तर लोक माझ्या नवऱ्याची कीव करतील आणि माझ्याकडे असं बघतील, जसं काही मी पोरं उपाशी मारली.

नवरा दीपनगरला वीजकेंद्रात आहे. वाईट माणूस नाही. हे वाक्य मला वरचेवर म्हणावं लागतं, त्यावरूनच काय ते समजा. त्याची नोकरी पाळीची. रात्रपाळी करून तो सकाळी झोपला की आमचं घर चवड्यांवर चालतं. कुकरची शिट्टीसुद्धा मी हाताने धरून ठेवलेली आहे. माझ्या कामाला पाळी नाही, म्हणून ते संपतही नाही. कणीक मळताना शिक्षण कार्यालयाचा फोन येतो, "मॅडम, माहिती आजच्या आज भरा." पिठाच्या बोटांनी मी माहिती भरते. तीच माहिती मागच्या महिन्यात भरलेली असते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पण मला सांगायचंय ते आखाजीचं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. बाकी महाराष्ट्रात लोक त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी जातात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि बायका उपड्या खापरावर मांडे भाजतात. मांडा म्हणजे आमची पुरणपोळी, हातावर फिरवत फिरवत मोठी केलेली, सुपाएवढी. सोबत आमरस. आणखी एक गोष्ट त्या दिवशी होते. शेतावर वर्षभरासाठी ठेवलेला गडी, म्हणजे सालदार, त्याचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी त्याला कामाला हात लावू देत नाहीत. मालकाच्या ओट्यावर बसून तो पोटभर जेवतो आणि मग पुढच्या सालाचं ठरतं.

माझं माहेर धुळ्याचं. मुख्याध्यापिका झाल्यापासून मी एकदाही आखाजीला धुळ्याला गेले नव्हते. आखाजी येते ती नेमकी निकालाच्या तोंडावर. आणि त्याच दिवशी आमच्या घरी नणंद माहेरपणाला येते. तिला यायलाच हवं, ती लेक आहे. ती आली की तिच्यासाठी पुरण शिजवायचं मी. तिच्या आखाजीसाठी माझी आखाजी गेली, आणि यात तिचा काडीचा दोष नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. भांडायचं तरी कुणाशी?

यंदा आईचा फोन आला. आई धुळ्याला असते, एकटीच, आणि फोनवर अजून तसंच बोलते जसं मी लहान असताना बोलायची.

"यंदा ये माय. आते मन्हा हात चालत नहीत. यंदाना साल मांडा करस, मंग खापर कोनले तरी दी टाकसू."

मी तिला निकालाचं सांगितलं, कार्यालयाचं सांगितलं, अध्यक्षांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सालदारले बी आखाजीनी सुटी ऱ्हास," ती म्हणाली. "तुले का नही?"

खरं तर गंमत अशी की शाळेला त्या दिवशीची सुट्टी मीच देते. वर्षातल्या एकदोन सुट्ट्या मुख्याध्यापकाच्या अधिकारात असतात, त्यातली एक मी दरवर्षी आखाजीला टाकते. माझ्या सहीनं सगळे शिक्षक, शिपाई, मुलं घरी जातात. सही करणारी तेवढी राहते.

यंदा मी जायचंच ठरवलं. निकालपत्रकांवर आठवडाभर आधी सह्या उरकल्या. सुट्टी असली तरी मुख्याध्यापकाला गाव सोडायला परवानगी लागते, तसा अर्ज दिला. आदल्या दिवशी संध्याकाळी पुरण शिजवून वाटून फ्रिजमध्ये ठेवलं, रस काढून ठेवला, कणीक कशी भिजवायची ते नवऱ्याला दाखवलं. त्यानं मान डोलावली. बॅग भरून दाराशी ठेवली, आणि फोन टिणटिणला.

मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर संदेश होता. उद्या सकाळी अकरा वाजता सर्व मुख्याध्यापकांची तातडीची बैठक. प्रतिनिधी चालणार नाही. गैरहजर राहणाऱ्यांची गंभीर नोंद घेतली जाईल. खाली लगेच ओळीने अंगठे उमटले. माझ्या आधी सगळ्यांचे.

मी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, माझा अर्ज मंजूर आहे, तुम्ही कार्यालयाला एक शब्द सांगा.

"मॅडम, उद्या मला सांगू नका," ते म्हणाले. "उद्या आखाजी. मळ्यात सालदारांचं बघायचं आहे, त्यांचं जेवणखाण असतं. वर्षाचा दिवस असतो त्यांचा. तुम्ही बैठक करून टाका ना."

नवरा म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." प्रश्न एकाच दिवसाचा होता, हे तर मीच किती वर्षं सांगत होते.

आईला फोन करून उशीर होईल म्हटलं. ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मी चांगलं ओळखते. नाही येत म्हटलं की ती असंच बरं म्हणते.

सकाळी मी बैठकीला गेले. उन्हानं रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. सभागृहात पंखे होते, वीज नव्हती. आम्ही बसलो. ज्यांनी बैठक बोलावली ते साहेब येत होते, येतच होते. शेवटी एक लिपिक आला आणि म्हणाला, साहेबांना दुसरीकडे जावं लागलं, बैठक पुढच्या आठवड्यात ऑनलाइन होईल, चहा घेऊन जा.

माझ्या शेजारचे सर उठले, रुमालानं मान पुसली आणि मजेत म्हणाले, "चला, घरी रस वाट बघतोय."

त्यांचा रस वाट बघत होता. तो कुणीतरी काढला होता, पोळ्या कुणीतरी लाटत होतं, ताट वाढलेलं असणार होतं. पलीकडच्या गावच्या एक मुख्याध्यापिका पर्समध्ये पाण्याची बाटली कोंबत घाईनं निघाल्या होत्या. मी विचारलं, "तुमच्याकडे कोण करतंय?" त्या म्हणाल्या, "मीच, आता जाऊन." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि ते हसू कसलं होतं ते आम्हालाच ठाऊक.

बॅग घरी दाराशीच होती. मी ती आणायला गेले नाही. गेले असते तर नणंद आलेली असती, आणि कढई दिसली असती, आणि मी पदर खोचला असता. मला माझी खात्री नाही. रिक्षा केली आणि सरळ बसस्थानक गाठलं. बैठकीची साडी, खांद्याला फाइलची पिशवी. धुळ्याची गाडी लागलेलीच होती. गाडी माहेरवाशिणींनी भरली होती. डब्यांचे, मोगऱ्याचे वास, मांडीवर झोपलेली पोरं. मला खिडकीपाशी जागा मिळाली.

नवऱ्याला कळवलं. तो म्हणाला, "आत्ता? अशीच?" मी म्हटलं, "अशीच."

एरंडोल गेलं आणि अध्यक्षांचा फोन आला. उद्या निकालाच्या कार्यक्रमाला हार कुणाकडून आणायचे, हे त्यांना विचारायचं होतं. हार.

"मी धुळ्याला निघालेय," मी म्हटलं. "उद्या सकाळी निकालाआधी शाळेत असेन. हारांचं शिपायाला माहीत आहे."

"धुळ्याला? आज काय सुट्टी आहे का?"

"आहे. मी दिलीय, माझ्या अधिकारात. सगळ्या शाळेला."

"अहो, पण मुख्याध्यापकांनी..."

"साहेब, तुमचे सालदार जेवले का?"

मागून पंगतीचा गलबला ऐकू येत होता, कुणीतरी आणखी रस वाढा म्हणत होतं.

"जेवताहेत," ते म्हणाले.

"मग मीही जेवायलाच चाललेय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांचा फोन आधी ठेवला नव्हता. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. तिनं काही न विचारता डब्यातली सांजोरी माझ्या हातावर ठेवली.

धुळ्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. गल्लीतल्या निंबाचा झोका रिकामा होता, पोरी गाणी म्हणून घरोघर पांगल्या होत्या. मला वाटलं, आईनं चूल विझवली असणार. दारातून बघितलं तर ती खापरासमोर बसली होती. पुरणाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला. एकही मांडा अजून केलेला नव्हता.

"उनी का माय?" ती म्हणाली. "हात धू."

मग तिनं मांडा करायला घेतला. तिचे हात खरंच चालत नव्हते. पोळी मनगटावर घेताना थरथरली आणि एका बाजूनं फाटली. तिनं फाटलेला भाग तसाच खापरावर जुळवला. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, तू बस. मी बसले. कुणी मला बस म्हटल्याला किती वर्षं झाली, हे आठवताना माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, की बस या एका शब्दानं डोळे भरावेत अशी पाळी यावी.

पहिला घास तोंडात होता तेव्हा तिनं विचारलं, "तुन्हा घर आज रांधी कोन?"

अध्यक्षांनी मुलाखतीत विचारलेलंच होतं ते. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि आता आईसुद्धा. मला ओरडावंसं वाटलं. पण मी नुसतं तेच उत्तर दिलं.

"घरचे."

आई हसली नाही. तिनं दुसरा गोळा उचलला.

"हा, घरनाच," ती म्हणाली. "त्यासले हात शेतस ना? मंग खाय."

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा होता. माझे हात रसानं भरलेले, म्हणून आईनं तो उचलून माझ्या कानाला लावला. मागे कढईचा आवाज होता, नणंदेचं हसू होतं.

"अगं," तो म्हणाला, "मीठ कुठंय?"

"सापडेल," मी म्हटलं, आणि आईला खूण केली, ठेव म्हणून.