स्वयंपाकघराच्या दारातली झडती

मी बाहेरगावी होते तेव्हा फोन आला, सविताचा, इंदूच्या सुनेचा. "मावशी, आई गेल्या," एवढंच म्हणाली, फोन मात्र ठेवला नाही... मागे पंखा फिरत होता, तो मला ऐकू येत होता. इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या वस्तीत, इंदूचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. लग्न होऊन दोघी एकाच सुमारास आलो, इथेच म्हाताऱ्या झालो. आता भेटायला येणारा जो तो म्हणतो, फार सोशिक बाई होती हो. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हौसेनं कोण सोसतं? दुसरं कोणी पुढे येत नव्हतं म्हणून तिनं केलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे भरदुपारीसुद्धा घरात अंधारून आल्यासारखं वाटायचं. इंदूचे यजमान वसंतराव दारूगोळ्याच्या कारखान्यात, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम. सकाळी गेलेला माणूस कधी येईल त्याचा नेम नाही. घरी सासरे, तात्याजी. त्यांचा जन्म त्याच कारखान्यात बारूद भरण्यात गेला होता. निवृत्त झाले आणि डोकं हललं. पोटच्या मुलाला ओळखेनात, कारखाना मात्र लख्ख आठवायचा. तिथं आत शिरताना दरबान झडती घ्यायचा. कोणाच्या खिशात चुकून माचिस राहिली तर सगळ्यांचाच जीव जायचा. तर कारखान्याचा भोंगा झाला की तात्याजी घरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येणार आणि दोन्ही हात वर करून उभे राहणार. झडती झाली नाही तर घामाघूम. त्यात आत पेटलेली सिगडी दिसली तर "आग! बारूद के पास आग!" असं ओरडून अख्खी घागर तिच्यावर उपडी करायचे. एकदा त्या वाफेनं इंदूचा हात चांगलाच पोळला.

मग तिनंच तोड काढली. आवाज जाड करून म्हणायची, "हाथ ऊपर! माचिस-बीड़ी है?" त्यांच्या बंडीचे खिसे चाचपायची, पाठीवर थाप मारून म्हणायची, "जाओ." म्हातारा शांत व्हायचा, निमूट जेवायला बसायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसले. पुढे हसू येईना. भिंतीपलीकडून तो पुरुषी आवाज इतका खरा यायचा की त्या घरात आणखी कोणी राहायला आलंय असं वाटायचं. भाजीवाल्याशी बोलता बोलता तोच आवाज तिच्या तोंडून निघायला लागला, आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा.

अशात नागपूरहून निरोप आला, तिच्या आईला लकवा झाला. आई सारखी इंदूचं नाव घेत होती. वसंतरावांना लढाईत रजा कुठली मिळायला! भोपाळच्या दिरांनी कळवलं, तात्यांना तूच सांभाळू शकतेस. मी म्हटलं, "अगं, जा न तू. काहून बसून राहिली?" तर म्हणे, "कशी जाऊ? दरबान गेला तर गेट कोण सांभाळेल?" थट्टा करून राहिली असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं... तिथं थट्टा नव्हती.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी ओमतीला गेलो होतो. भर दुपार, बाजारात गर्दी. लढाईचा भोंगा वाजवून बघायचे तेव्हा, तसा वाजला. इंदूनं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. डोळे उघडे, पण मी तिला दिसत नव्हते. हाका मारल्या, हलवलं. हात काही खाली येईनात. लोक थांबून बघायला लागले. शेवटी मीच तिची कंबर, पदर चाचपला आणि म्हटलं, "जाओ." तशी तिनं पिशवी उचलली आणि टमाट्यांचा भाव विचारायला लागली. बाप्पा रे! मी तिचा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. पाळ्या लावल्या आणि तो आवाज शिकायला बसलो. पहिली पाळी माझी. इंदू स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी, जमलं नाही तर धावायला तयार. भोंगा झाला, तात्याजी आले. मी घसा खाकरून म्हटलं, "हाथ ऊपर!"

त्यांनी हात वर केले. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम नए हो. पुराना दरबान कहाँ गया?"

तोंडाला आलं ते बोलले, "छुट्टी पे गया, तात्याजी."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. "बहुत थक गया था बेचारा. कोई पूछता नहीं था."

पडदा हलला. आतून हुंदका आला, तोंडात पदर कोंबलेला. तिच्या नवऱ्यानं, दिरांनी, आम्ही शेजारणींनीसुद्धा जे कधी विचारलं नव्हतं, ते डोकं हललेल्या माणसाला दिसलं होतं. इंदू दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. आईनं तिला ओळखलं. आईच्या उशाशी पहिल्यांदा पोटभर झोपले, असं आल्यावर सांगत होती.

शेवटची काही वर्षं इंदूही कोणाला ओळखत नव्हती. सगळं सविता करायची, तिचा नवरा दौऱ्यावर. तेरावं होऊन बरेच दिवस झाले, मी परवा गावाहून परतले तशी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. इंदूची खाट उचललेली, खोली मोकळी. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली दोन पाय दिसले, इंदूच्या चपला घातलेले... माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पडदा बाजूला केला तर सविता. भिंतीला टेकून, खाटेच्या रिकाम्या जागेकडे कान लावून उभी.

"मावशी, अजून हाक येते हो त्यांची," ती म्हणाली. "म्हणून बसत नाही मी."

मी तिचा हात धरला. "सविता, फार थकलीस गं तू."

एवढंच म्हटलं, तर ती उभ्या जागी मटकन खाली बसली.